भूविज्ञानाचे शिक्षण आणि आपली गावे

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि क्षेत्रीय अधिकारी यांच्या प्रशिक्षण शिबिरात भूविज्ञानाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



विद्यापीठातील भूविज्ञानाचा अभ्यास, असा आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत छापला आहे. तो वाचून आपणांपैकी काहींना साहजिकच असे वाटले असेल की, या विषयाचा ग्रामपंचायतीशी संबंध काय? विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दगड तपासणारा विद्यार्थी एका टोकाला आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीची जागा ठरविणारी ग्रामसभा दुसऱ्या टोकाला, असे चित्र सर्वसाधारणपणे दिसते. माझे म्हणणे असे आहे की, ही दोन टोके इतकी दूर राहिली म्हणूनच आपले पुष्कळ नुकसान होत आले आहे. विहीर कोठे खणावयाची, विंधन विहीर किती खोल न्यावयाची, घरकुलांची वस्ती कोणत्या उतारावर बसवावयाची, पाझर तलावाचा बांध कोणत्या जागी घालावयाचा, मुरूम कोठून उचलावयाचा, हे सारे निर्णय मुळात भूविज्ञानाचे आहेत. ते आपल्या बैठकांतून नित्य घेतले जातात. मात्र ते घेताना खडक ओळखणारा माणूस बहुधा जवळ नसतो. तो माणूस तयार कसा होतो आणि आपल्या गावातील मुलामुलींमधून तो का तयार व्हावा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आपल्या देशात या विद्येला आरंभ झाला तो शुद्ध व्यवहाराच्या गरजेतून. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ साली स्थापन झाली, ती प्रामुख्याने कोळसा शोधण्यासाठी. आगबोटींना आणि येऊ घातलेल्या आगगाडीला कोळसा हवा होता. पुढे १८९२ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भूविज्ञानाचे अध्यापन सुरू झाले. प्रमथनाथ बोस हे १८८० मध्ये सर्वेक्षणाच्या सेवेत अधिकारी म्हणून दाखल झाले. निवृत्तीनंतर मयूरभंज संस्थानात काम करीत असताना त्यांना गोरुमहिसानी डोंगरात समृद्ध लोहखनिज आढळले आणि १९०४ च्या आरंभी त्यांनी जमशेटजी टाटा यांना पत्राने तसे कळविले. जमशेटजी त्याच वर्षी निवर्तले. परंतु १९०७ मध्ये पोलादाची कंपनी निघाली आणि कारखान्याची जागाही बदलून त्या खनिजाच्या जवळ नेण्यात आली.

दुसरे नाव दाराशॉ नौशेरवान वाडिया यांचे. बडोदे महाविद्यालय त्या काळी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. वाडिया तेथे शिकले आणि १९०७ मध्ये जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात अध्यापक झाले. विद्यार्थ्यांपुढे ठेवावयास नमुने हवेत म्हणून ते सुट्ट्यांमध्ये हिमालयाच्या पायथ्याचे डोंगर पायी हिंडत आणि दगड, जीवाश्म गोळा करून आणीत. भारताच्या भूविज्ञानावरचा त्यांचा ग्रंथ १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला तो मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी. सर्वेक्षणाच्या नोकरीत ते गेले १९२१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. आणि १९५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना लाभले. बोसांच्या शोधातून उद्योग उभा राहिला हे खरेच. तथापि मला वाडियांचे उदाहरण शिक्षकांपुढे ठेवावयास अधिक आवडते. साधने नसलेल्या एका लहान महाविद्यालयात, वर्गासाठी नमुने हवेत एवढ्या साध्या निमित्ताने एका शिक्षकाने डोंगर पालथे घातले आणि त्यातून हिमालयाच्या रचनेचा अभ्यासक निर्माण झाला.

अभ्यासक्रमात काय असते?

बारावीला विज्ञान शाखा घेतलेल्या विद्यार्थ्याला या विषयात प्रवेश मिळू शकतो. पहिल्या वर्षी तो खनिजे ओळखावयास शिकतो. त्यासाठी लागणारी साधने पाहिली तर आपणांस हसू येईल: नख, तांब्याचे नाणे, चाकू, काचेचा तुकडा आणि सौम्य आम्लाची बाटली. नखाने ओरखडा उठतो की नाही, चाकूने उठतो की नाही, यावरून खनिजाचा कठीणपणा ठरतो. आम्लाचा थेंब टाकल्यावर फेस आला तर त्यात चुना आहे. गारगोटीवर चाकू चालत नाही. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या पांढऱ्या चुन्याच्या स्फटिकावर मात्र सहज चालतो. ही परीक्षा माध्यमिक शाळेत सातवीच्या मुलांनाही करता येण्याजोगी आहे.

पुढे खडकाचा पातळ काप करावयास शिकवितात. दगडाची चकती घासत घासत मिलिमीटरच्या तीन शतांशांइतकी, म्हणजे ०.०३ मिलिमीटर जाडीची करतात. इतक्या पातळपणी आपला काळा कातळही पारदर्शक होतो. ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली तो धरला म्हणजे ज्याला आपण जन्मभर काळा म्हणत आलो त्या दगडात फेल्स्पारच्या करड्या-पांढऱ्या कांड्या आणि त्यांच्यामध्ये पायरोक्सीनचे रंगीत कण दिसू लागतात. मी अनेक वर्षे हा वर्ग घेतला. शेतकऱ्याच्या घरातून आलेला मुलगा पहिल्यांदा त्या नळीतून पाहतो तेव्हा तो काही क्षण बोलत नाही, एवढे मी सांगू शकतो.

यानंतर जीवाश्म, थरांचा अनुक्रम, खडकांच्या घड्या व भेगा, खनिजसंपत्ती, भूजल असे विषय क्रमाने येतात. परंतु या शिक्षणाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. विद्यार्थ्याच्या हातात सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर या प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा, हातोडी, भिंग, होकायंत्र आणि वही देऊन त्याला माळावर सोडतात. ओढ्याचा काठ, रस्त्यासाठी केलेली तोड, दगडाची खाण, विहीर, जेथे जेथे जमिनीचे पोट उघडे पडले असेल तेथे जाऊन त्याने खडक ओळखावयाचा, थर कोणत्या दिशेला किती अंशांनी कलला आहे ते मोजावयाचे आणि नकाशावर रंग भरावयाचा. संध्याकाळी गुरुजी नकाशा पाहतात आणि विचारतात, "येथे रंग भरलास, पण तू येथे गेला होतास काय?" या एका प्रश्नात सारे भूविज्ञान आले.

दुर्दैवाने अलीकडे क्षेत्रकार्याचे दिवस आखडत जाताना मी पाहिले आहेत. खर्च, परवानग्या, वेळापत्रक अशी कारणे सांगितली जातात आणि ती सर्वस्वी खोटी नसतात. एका महाविद्यालयात तर विकत आणलेल्या नमुन्यांच्या पेटीवरच प्रात्यक्षिक परीक्षा उरकलेली मी पाहिली. पेटीतील दगडाला चिठ्ठी असते. माळावरील दगडाला नसते. चिठ्ठीवरून शिकलेला पदवीधर आपल्या गावाला विहिरीची जागा दाखवू शकणार नाही. म्हणून पाल्याला या विषयास पाठविताना पालकांनी वसतिगृहाची चौकशी करतात तशीच वर्षात क्षेत्रकार्याचे दिवस किती याचीही चौकशी करावी.

आपल्या पायाखालचा खडक

महाराष्ट्राच्या भूमीचा सुमारे ८० टक्क्यांहून अधिक भाग एकाच जातीच्या खडकाने, बेसॉल्टने, झाकलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. आज उरलेले त्याचे क्षेत्र दख्खनमध्ये सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीचे कडे दुरून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळेच. वेरूळ-अजिंठ्याची लेणी याच कातळात कोरली आहेत. दोन थरांच्या मधला काळ कधीकधी इतका मोठा असे की, तेथे तळी साचत, झाडे वाढत, प्राणी राहत. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच एका थरात लहान बेडकांचे सांगाडे सापडले आणि एकोणिसाव्या शतकातच त्यांचे वर्णन झाले. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवरही याच बेसॉल्टमध्ये आहे. पण ते ज्वालामुखीचे मुख नसून अशनीच्या आघाताने झालेले विवर आहे, हे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खडकांच्या अभ्यासाने पक्के झाले. त्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर आहे.

पूर्व विदर्भात मात्र चित्र निराळे आहे. भंडारा-नागपूरकडे मँगनीज, वर्धा खोऱ्यात दगडी कोळसा, गडचिरोलीत लोहखनिज आणि सिरोंच्याकडे प्राचीन जीवाश्म आहेत. सिंधुदुर्गातही फार जुने खडक उघडे आहेत आणि कोकणच्या सड्यांवर जांभा आहे. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर असून अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाण पट्टा याच गाळात येतो. तेथे गोड्या पाण्याचा प्रश्न कातळातील गावांपेक्षा अगदी वेगळा आहे. एका जिल्ह्यातील यशस्वी योजना दुसऱ्या जिल्ह्यात जशीच्या तशी नेता येत नाही याचे एक कारण पुष्कळदा जमिनीत असते.

विहीर वाचावी कशी?

आता मी आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येतो. उघडी विहीर ही आमच्या विद्यार्थ्याची सर्वांत स्वस्त प्रयोगशाळा होय. दख्खनच्या पठारावरील एखाद्या विहिरीच्या काठावर उभे राहून तिच्या भिंतीकडे वरून खाली पाहा. प्रथम काळी माती. तिच्या तळाशी चुन्याचे पांढरे खडे. मग मुरूम. मग गोल गोल धोंडे, ज्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. हा कुजत चाललेला कातळ. त्याखाली काळा, घट्ट, उभ्या-आडव्या भेगांचा कातळ. त्याच्याही खाली पुष्कळदा छिद्राछिद्रांचा, पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरलेला मांजऱ्या खडक. आणि एखाद्या ठिकाणी त्या दोहोंच्या मध्ये हातभर जाडीचा तांबडा थर.

या प्रत्येकाचे पाण्याशी नाते वेगळे आहे. मुरमात आणि कुजलेल्या कातळात पाणी साठते. घट्ट कातळात ते फक्त भेगांतून वाहते. भेगा नसतील तर शंभर फूट खणूनही तो कोरडाच. मांजऱ्या खडकात छिद्रे पुष्कळ, पण ती एकमेकांना जोडलेली नसतात आणि खनिजांनी बुजलेली असतात. म्हणून ताजा मांजऱ्या खडक पाहून हुरळून जाऊ नये. तोच खडक कुजला असेल, तर मात्र पाणी चांगले देतो. तांबडा थर हा दोन लाव्हांच्या मधला, मातकट आणि चिकण. तो पाणी खाली जाऊ देत नाही. सह्याद्रीच्या उतारावर एकाच उंचीवर झऱ्यांची ओळ दिसते, ती बहुधा अशा एखाद्या थराच्या किंवा दोन थरांच्या सांध्याच्या डोक्यावर असते. गुराख्याला ती ओळ ठाऊक असते. विद्यार्थी तिचे कारण शिकतो.

यापुढची पायरी हिशेबाची. थोडे अंकगणित करू. कुजलेल्या बेसॉल्टच्या एक घनमीटर आकारमानातून आपणांस मिळू शकणारे पाणी साधारणतः दोन टक्के धरतात. म्हणजे एक हेक्टर क्षेत्राखालील पाण्याची पातळी एक मीटरने उतरली, तर हाती आले २०० घनमीटर, म्हणजे २ लक्ष लिटर. दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटरप्रमाणे रोज १ लक्ष १० हजार लिटर लागते. तेव्हा हे पाणी दोन दिवसही पुरणार नाही. क्षेत्र शंभर हेक्टर धरले, तर २० हजार घनमीटर मिळतील. त्यावर हेच गाव सहा महिने पाणी पिईल. आता दुसरी बाजू पाहा. पाटाने पाणी देऊन घेतलेल्या एक हेक्टर उसाला वर्षभरात साधारण २० हजार घनमीटर पाणी लागते. शंभर हेक्टरांखालची एक मीटर पातळी, गावाचे सहा महिन्यांचे पिणे आणि एक हेक्टर ऊस ही तिन्ही एकाच आकड्याची रूपे आहेत. उसावर माझा राग नाही. पण ग्रामसभेत हा आकडा फळ्यावर लिहिला गेला आहे काय, असे मी विचारतो.

भरणाचा हिशेबही असाच आहे. एखाद्या अवर्षणप्रवण तालुक्यात ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील दहा टक्के जमिनीत मुरला असे धरू. म्हणजे ५० मिलिमीटर पाणी. दोन टक्के पोकळीच्या खडकात तेवढ्याने पातळी अडीच मीटर वर येते. विहीर अडीच मीटर भरलेली पाहून आपणांस पाणी खूप वाढले असे वाटते. प्रत्यक्षात साठा आला तो अवघा ५० मिलिमीटर. पातळी झरझर चढते ती याच कारणाने आणि पंप सुरू झाले की तितक्याच वेगाने उतरते तीही याच कारणाने.

पाणाड्याविषयी येथे बोलणे भाग आहे. मी कोणाच्या श्रद्धेची चेष्टा करीत नाही. काही पाणाड्यांना उताराची, झाडांची, जुन्या विहिरींची उत्तम जाण असते आणि ती जाण ते नारळाच्या किंवा फांदीच्या रूपाने व्यक्त करतात. पण पाणी किती, किती महिने आणि शेजारच्या विहिरीवर परिणाम काय, या तीन प्रश्नांना फांदी उत्तर देत नाही. पंचायतीला उत्तर हवे असते ते या तीन प्रश्नांचेच.

आणखी एक नुकसान आपण रोज करीत असतो आणि त्याची दखल कोणी घेत नाही. विंधन विहीर घेताना यंत्र जो चुरा वर फेकते, तो म्हणजे त्या जागेच्या पोटाचा लेखी पुरावा असतो. काळा-करडा चुरा म्हणजे घट्ट कातळ, तांबूस म्हणजे तो चिकण थर, पांढऱ्या कणांचा म्हणजे मांजऱ्या. आमचा विद्यार्थी दर तीन मीटरला मूठभर चुरा पिशवीत भरून तिच्यावर खोली लिहितो. पाणी किती खोलीवर लागले, तेही लिहितो. आपल्या गावांत अशा डझनावारी विहिरी झाल्या आणि बहुतेक ठिकाणी नोंद एकीचीही नाही. गाडी निघून जाते, चुरा पावसात वाहून जातो आणि पुढचा शेतकरी पुन्हा पहिल्यापासून अंधारात पैसे घालतो. पंचायतीने एक वही घातली, तर याला खर्च काही नाही.

शासनाकडे यासाठी यंत्रणा आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ मध्ये स्थापन झाली. तिने राज्याचे दीड हजारांवर पाणलोट क्षेत्रांत विभाजन केले असून निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. कायदेही झाले. १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घातले. पुढे २००९ चा भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम आला. त्यात ६० मीटरांपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर अशी स्वतंत्र संज्ञा आहे. २०२० पासून अटल भूजल योजनेत राज्यातील निवडक ग्रामपंचायतींनी स्वतःच्या पाण्याचे अंदाजपत्रक मांडले. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने तर ते काम त्याआधीच स्वतः सुरू केले होते आणि शेतीसाठी विंधन विहिरी घ्यावयाच्या नाहीत, असे ठरविले होते. परंतु कायदा आणि अंदाजपत्रक हे कागदावर राहू नयेत असे वाटत असेल, तर खडक समजणारा कोणीतरी गावाच्या बाजूने बोलणारा हवा. जिल्ह्याच्या ठिकाणी बसणारे मोजके भूवैज्ञानिक प्रत्येक शिवारात पोहोचू शकत नाहीत.

हादरे आणि घसरण

पाण्याचा प्रश्न हळूहळू छळतो. दुसरे काही प्रश्न रात्रीत येतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. तोपर्यंत दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित मानले जाई. शिवाजीसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले होते आणि जलाशयाच्या भाराशी व भेगांत शिरणाऱ्या पाण्याशी या भूकंपांचा संबंध जगभर अभ्यासला गेला. आज कराड येथील केंद्रीय प्रयोगशाळा याच अभ्यासासाठी काम करते. तिने कोयना परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपून खालचा प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर, किल्लारी परिसरात, अनर्थ झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या भागाची गणना तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या गटात होती. २००२ च्या सुधारित नकाशात ती वाढविण्यात आली. पण केवळ जमीन हादरल्याने इतके मृत्यू झाले नाहीत. गोल धोंड्यांच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती आणि त्यांवर माळवदाचे मणामणांचे ओझे यांखाली माणसे गाडली गेली. भूवैज्ञानिक भूकंपाची तारीख सांगू शकत नाही. तो एवढेच सांगू शकतो की, येथे हादरा येणे शक्य आहे; भिंतीत बांधणीचे दगड आणि पट्टे घाला. हे उत्तर लोकांना कमी वाटते, तथापि जीव वाचतात ते याच उत्तराने.

दरडींचे तसे नाही. त्या बहुधा आधी खुणा देतात. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव गाडले गेले आणि १५१ जण मृत्यू पावले. जुलै २०२१ मध्ये रायगडमधील तळिये आणि जुलै २०२३ मध्ये त्याच जिल्ह्यातील इर्शाळवाडी. तिन्ही ठिकाणी तीव्र उतार, त्यावर मुरूम-मातीचा जाड थर आणि अतिवृष्टी या गोष्टी समान होत्या. पाण्याने हा थर जड होतो, त्याची पकड सुटते आणि खालच्या घट्ट कातळावरून तो घसरतो. उतारावर जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे व खांब कलणे, घरांच्या जोत्याला तडे जाणे, नेहमीचा झरा अचानक गढूळ होणे किंवा आटणे, नसलेल्या जागी नवा झरा फुटणे, यांपैकी काहीही दिसले तर पाऊस ओसरण्याची वाट न पाहता वस्ती हलवावी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आम्ही हे शिकवितो. डोंगराळ तालुक्यातील प्रत्येक शाळेच्या भिंतीवर ते लिहिलेले असावयास हवे.

कोठे शिकावे आणि पुढे काय?

पुणे, नागपूर, अमरावती, नांदेड, सोलापूर या ठिकाणच्या विद्यापीठांत भूविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पुण्याचे फर्ग्युसन आणि मुंबईचे सेंट झेवियर्स या महाविद्यालयांत पदवीला हा विषय दीर्घकाळ शिकविला जात आला आहे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भूविज्ञान विभाग आहे, तेथील एम.एस्सी.साठी देशपातळीवरील प्रवेश परीक्षा असते. नोकऱ्यांचे म्हणाल, तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ यांच्यासाठी संघ लोकसेवा आयोग स्वतंत्र परीक्षा घेतो. राज्यात भूजल यंत्रणा आणि भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आहे. भारतीय खाण ब्युरो, मॉइल आणि वेस्टर्न कोलफील्ड्स या तिन्हींची मुख्यालये नागपुरात आहेत. धरणे, बोगदे, मेट्रो, तेलशोध येथेही हे पदवीधर लागतात. जागा अगणित आहेत असे मी म्हणणार नाही. वैद्यकीय किंवा संगणकाच्या पदवीइतकी खात्री येथे नाही आणि पालकांपासून ती गोष्ट लपविण्यात अर्थ नाही.

मुलींविषयी एक शब्द. उन्हातान्हात, रानोमाळ हिंडावे लागते म्हणून मुलींना हा विषय नको, असे आजही ऐकू येते. ज्या मुली रोज दोन-तीन किलोमीटर पाण्याला जातात त्यांच्याविषयी हे बोलले जाते, याची मला गंमत वाटते. खाण अधिनियम, १९५२ मध्ये स्त्रियांना भूमिगत खाणीत काम करण्यास बंदी होती. २०१९ मध्ये केंद्र शासनाने काही अटींवर तीही दूर केली. माझ्या वर्गातील उत्तम नकाशे ज्यांनी काढले, त्यांत मुली पुष्कळ होत्या.

शिक्षकांकडे माझी मागणी मोठी नाही. बारावीच्या वर्गात दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी असा असतो, ज्याला पुस्तकापेक्षा शिवार अधिक कळते. त्याला हा विषय अस्तित्वात आहे, एवढे सांगावे. पुष्कळांना तेही ठाऊक नसते. आणि शाळेच्या जवळच्या एका विहिरीची पातळी मुलांकडून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजून घ्यावी. काठावर एक ठळक खूण करावी, तिच्यापासून टेप सोडावा, आकडा वहीत लिहावा. पाच वर्षांची अशी वही एखाद्या गावाकडे असेल, तर तेथे येणाऱ्या भूवैज्ञानिकाचे अर्धे काम झालेले असते.

दुपारच्या सत्रात आपण येथून जवळच्या एका जुन्या विहिरीवर जाणार आहोत. तिची भिंत बांधलेली नाही, त्यामुळे थर स्पष्ट दिसतात. सोबत वही आणि जुना कपडा घ्यावा. दगड ओला केल्याशिवाय त्याचा खरा रंग कळत नाही. ज्यांच्या गावी अलीकडे विंधन विहीर झाली आहे आणि चुऱ्याचा ढीग अजून जागेवर आहे, त्यांनी उद्या त्यातील मूठभर बांधून आणला तर तोही आपण पाहू. खोली आठवत असेल, तर चिठ्ठीवर लिहून आणावी. आठवत नसेल, तर तसे लिहावे.